मुलाखतीतले अडचणीचे प्रश्न: पुण्यात नोकरी शोधणारे मला नेहमी काय विचारतात

सतरा वर्षं मी टेबलाच्या पलीकडे बसून मुलाखती घेतल्या. आधी भोसरीतल्या एका छोट्या कारखान्यात, मग हिंजवडीत. आता शनिवारी सकाळी नवी पेठेतल्या एका अभ्यासिकेत सराव-मुलाखती घेते. तिथे तेच तेच प्रश्न येतात, म्हणून एकदा लिहून काढले. इथली मतं माझी आहेत. दुसरा एचआरवाला वेगळं सांगेल, त्याचंही ऐका.

अवघड प्रश्न आला की आधी काय करायचं?

त्या प्रश्नाच्या पोटात कंपनीची कुठली धास्ती आहे ते ओळखायचं. "मध्ये एवढा गॅप का?" म्हणजे हा परत मध्येच उठून जाईल का? "आधीची नोकरी का सोडताय?" म्हणजे उद्या आमच्याबद्दलही बाहेर असंच बोलणार का? "राहायला कुठे?" म्हणजे प्रवासाला कंटाळून महिन्यात सोडणार का? उत्तर त्या धास्तीला द्यायचं. खरं द्यायचं, तीन-चार वाक्यांत द्यायचं आणि थांबायचं.

थांबणं सगळ्यांत अवघड. समोरची बाई कागदावर काहीतरी लिहीत असते, अर्धं मिनिट शांतता होते आणि उमेदवाराला वाटतं, आपलं उत्तर कमी पडलं. मग तो भर घालायला लागतो. चांगल्या चाललेल्या कितीतरी मुलाखती त्या अर्ध्या मिनिटात बिघडताना मी पाहिल्यात. ती बाई बहुतेक वेळा फक्त तुमच्या कॉलेजचं नाव लिहीत असते.

'टेल मी अबाउट युवरसेल्फ' म्हटलं की काय सांगायचं?

"मायसेल्फ अमुक अमुक" नको. वडील काय करतात, भाऊ किती, छंद वाचन आणि संगीत, हेही नको. आत्ता काय करता, त्याआधी काय केलं, या जागेसाठी का आलात, या क्रमाने एक मिनिट. पाठ केलेलं लगेच कळतं, कारण मध्ये कुणी काही विचारलं की पाठांतरवाला पुन्हा पहिल्या ओळीवर जातो.

चार वर्षं एमपीएससीत गेली. गॅपबद्दल विचारलं तर?

शास्त्री रोड आणि सदाशिव पेठेच्या आसपास राहणाऱ्यांचा हा पहिला प्रश्न असतो, म्हणून जरा सविस्तर सांगते.

बार्शीकडचा एक मुलगा आला होता. मेकॅनिकल इंजिनिअर, पूर्व परीक्षा दोनदा निघालेली, मुख्य नाही. चाकणला स्टोअर्स विभागात जागा होती. मी विचारलं, "चार वर्षं काय केलंस?" तो सुरू झाला. घरची परिस्थिती, लांबलेली जाहिरात, पुढे ढकललेली परीक्षा, बदललेला पॅटर्न, दीड मार्कानं गेलेली कट-ऑफ. सहा मिनिटं बोलला. एकेक गोष्ट खरी होती, पण ऐकणाऱ्याच्या हातात एवढंच उरलं की याचं मन अजून तिथेच अडकलंय.

मग मी त्याला अभ्यास सोडून बाकीचं विचारलं. जेवायला कुठे? तर बावीस मुलांनी मिळून मेस चालवली होती आणि दोन वर्षं तिचा हिशेब याच्याकडे होता. महिन्याची वर्गणी, सिलिंडर, किराणा, भाजी, कोण किती दिवस गावाला गेला त्याचे खाडे, ते वजा करून प्रत्येकाची निघणारी रक्कम. वही त्याच्या सॅकमध्येच होती. मी पानं उलटली. तांदूळ किती आला, किती लागला, किती उरला, तारीखवार. स्टोअर्सला माणूस हवा होता आणि हा सहा मिनिटं कट-ऑफबद्दल बोलत होता!

शेवटी उत्तर असं बसवलं: "डिग्रीनंतर चार वर्षं राज्यसेवेची तयारी केली. पूर्व दोनदा निघाली, मुख्य निघाली नाही. मार्चमध्ये ठरवून थांबलो. त्यानंतर एक्सेल शिकलो, आता मटेरियल मॅनेजमेंटचा कोर्स चालू आहे. तयारीच्या काळात बावीस जणांच्या मेसचा साठा आणि हिशेब मी बघत होतो." विषय संपला. 'ठरवून थांबलो' हे शब्द महत्त्वाचे, कारण धास्ती तिथेच असते.

पुढचा प्रश्न हमखास येतो: "उद्या जाहिरात निघाली तर?" भरणार नसाल तर "भरणार नाही" म्हणा. भरणार असाल तर खोटं बोलू नका. "परीक्षेपुरती रजा काढेन, अभ्यासासाठी नोकरी सोडणार नाही" हेही चालतं, सगळीकडे नाही, पण बऱ्याच ठिकाणी चालतं. राज्यसेवा मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली, ती नोकरी सांभाळून देणं किती जमेल याचा विचार मात्र आधी स्वतःशी करा.

त्या मुलाला त्या कंपनीने घेतलं नाही. तिसऱ्या ठिकाणी लागला.

आधीची नोकरी का सोडताय, याचं खरं कारण सांगू का?

खरं कारण सांगा, सगळं कारण सांगू नका. साहेब शिवराळ होता हे खरं असेल, पण समोरच्याला त्या साहेबाची बाजू माहीत नसते आणि तो स्वतःही कुणाचा तरी साहेब असतो. त्याऐवजी काम धरा: "दोन वर्षं फक्त सपोर्टचं काम केलं, मला डेव्हलपमेंटकडे जायचंय." नोकरी चाकणला आणि घर हडपसरला असेल तर तेही बिनधास्त सांगा. भूमकर चौकात संध्याकाळी अडकलेला माणूस पॅनेलवर असतोच. पुण्यात या कारणाला पुरावा लागत नाही.

कंपनीने काढून टाकलं होतं. सांगायचं का?

हो, आणि पहिल्या वाक्यात. "आमच्या प्रोजेक्टचं काम बंद झालं, टीममधल्या आठ जणांना कमी केलं, त्यात मी होतो." पूर्वी या वाक्याने खोलीत अवघडलेपण यायचं. आता पॅनेलवरच्या माणसाच्याही घरात नाहीतर शेजारी असं झालेलं असतं.

कागदोपत्री राजीनामा घेतला असेल, म्हणजे "तूच दे, नाहीतर आम्ही काढू" असं झालं असेल, तर "राजीनामा दिला, कारण कंपनी माणसं कमी करत होती" म्हणा. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. रिलिव्हिंग लेटर, शेवटच्या तीन पगारांच्या स्लिपा आणि फुल अँड फायनलचा हिशेब मात्र हातात ठेवा. तोंडी कितीही छान बोललात तरी शेवटी गाडी तिथेच येते.

कामगिरीवरून काढलं असेल तर उत्तर वेगळं आहे आणि कठीण आहे. काय कमी पडलं ते एका वाक्यात, त्यावर काय केलं ते दुसऱ्या वाक्यात. दुसरं वाक्य नसेल तर मुलाखतीआधी ते तयार होईल असं काहीतरी करा.

तीन महिन्यांची एक नोकरी सीव्हीत लिहिली नाही तर चालेल?

पीएफ कापला गेला असेल तर नका लपवू. तुमचा यूएएन, म्हणजे पीएफचा कायमचा नंबर, एकच असतो. कुठल्या कंपनीने कुठल्या महिन्यापासून कुठल्या महिन्यापर्यंत पैसे भरले, ते त्या खात्यात दिसतं आणि पडताळणीत बऱ्याच कंपन्या ती सर्व्हिस हिस्टरी मागतात. तीन महिन्यांची नोकरी कुणाला खुपत नाही. ती लपवली हे खुपतं आणि मग हातात आलेलं ऑफर लेटर परत जातं. एकाच वेळी दोन ठिकाणी पीएफ भरला गेला असेल तर तोही तिथेच दिसतो, तेव्हा 'साइड'च्या कामाचंही जपून.

'अपेक्षित पगार किती?' आकडा आधी मी सांगू की त्यांना सांगू देऊ?

एकदा विचारून बघा: "या जागेसाठी तुम्ही किती ठरवलंय?" सांगितलं तर उत्तम. टाळलं तर घासाघीस न करता आपला आकडा सांगा. "कंपनीच्या नियमाप्रमाणे द्या" हे नम्र वाटतं, पण त्याचा अर्थ "कमीत कमी द्या" असाच घेतला जातो.

आकडा सांगण्याआधी सीटीसी, म्हणजे कंपनीला तुमच्यावर वर्षाला येणारा एकूण खर्च, कागदावर मांडा. वर्षाला सहा लाख म्हणजे महिना पन्नास हजार नव्हेत. उदाहरण म्हणून बेसिक ३,००,००० धरा. व्हेरिएबल दहा टक्के म्हणजे ६०,०००, ते वर्षाअखेरी मिळणार आणि पूर्ण मिळेलच असं नाही. कंपनी तिच्या वाट्याचा पीएफ १५,००० च्या मर्यादेवर भरत असेल तर महिना १,८००, म्हणजे वर्षाचे २१,६००. ग्रॅच्युइटी बेसिकच्या ४.८१ टक्के, म्हणजे १४,४३०. हे सगळं सहा लाखांतूनच वजा होतं. उरले ५,०३,९७०, म्हणजे महिना साधारण ४२,०००. त्यातून तुमच्या वाट्याचा पीएफ १,८०० आणि व्यवसाय कर २०० गेला की हातात चाळीस हजार. आरोग्य विम्याचा हप्ता सीटीसीत धरला असेल तर आणखी थोडे कमी.

म्हणून "पन्नास पाहिजेत" म्हणू नका, "हातात पन्नास" म्हणायचंय की सीटीसी, ते स्पष्ट बोला. मुलं भाड्याची खोली आणि खानावळीचा हिशेब इन-हँडमध्ये करतात आणि आकडा मात्र सीटीसीत सांगून मोकळी होतात.

सध्याचा पगार फुगवून सांगू नका. सॅलरी स्लिप आणि फॉर्म १६ मागतातच.

नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे आणि त्यांना माणूस लगेच हवाय. काय बोलू?

"लगेच येतो" असं कबूल करू नका. तुमच्या नेमणूकपत्रात पैसे भरून नोटीस कमी करायची सोय आहे का ते घरूनच बघून जा आणि असेल तर विचारा: "बायआउटची रक्कम कंपनी देईल का?" रजा नोटिशीत वळती होते का, तेही बघा. खरी तारीख सांगणाऱ्यासाठी थांबतात, तारीख दोनदा बदलणाऱ्यासाठी थांबत नाहीत.

'तुमचा कमकुवतपणा काय?' खरंच सांगायचा असतो?

"मी परफेक्शनिस्ट आहे" ऐकलं की मी पेन खाली ठेवायची.

तळेगावच्या एका क्वालिटी इन्स्पेक्टरचं उत्तर मला अजून आठवतं. तो म्हणाला, "मॅडम, मोजमापात माझी चूक होत नाही, पण शिफ्ट बदलताना हँडओव्हरची नोंद लिहायला मी आळस करायचो, तोंडी सांगून निघायचो. एकदा होल्डवर ठेवलेला लॉट दुसऱ्या शिफ्टने पुढे सोडला. तेव्हापासून लाल टॅग लावल्याशिवाय आणि रजिस्टरवर सही घेतल्याशिवाय मी मशिनपासून हलत नाही." कमकुवतपणा खरा, त्याची किंमत मोजलेली आणि उपाय चालू. तरी एक पथ्य: त्या नोकरीचा जो कणा आहे तीच आपली कमजोरी म्हणून सांगू नका. अकाउंट्सच्या जागेसाठी आलेल्या एकाने "आकड्यांत गोंधळ होतो" असं प्रामाणिकपणे सांगितलं होतं. आम्ही सगळे त्याच्याशी फार प्रेमाने वागलो आणि त्याला घेतलं नाही.

'पाच वर्षांनी कुठे असाल?'

"तुमच्या खुर्चीत" हा विनोद जुना झाला. या कामात पुढची पायरी कोणती ते सांगा आणि संपवा. खरं उत्तर कुणालाच माहीत नसतं, विचारणाऱ्यालाही नाही.

उत्तर येतच नसेल तर?

"हे मला माहीत नाही" म्हणा आणि त्याच्या शेजारचं माहीत असेल तर तिथून सुरुवात करा: "हे वापरलेलं नाही, पण याच्यासारखं अमुक वापरलंय, तिथे असं चालतं." अंदाजपंचे ठोकून दिलं की पुढचे तीन प्रश्न त्याच खड्ड्यात खोल नेतात.

काही प्रश्नांना नेमकं उत्तरच नसतं. 'पुण्यात रोज किती वडापाव खपत असतील?' हा त्यातला. तिथे आकड्यापेक्षा मोठ्याने विचार करणं ऐकायचं असतं. एका मुलीने असं केलं: "शहर आणि उपनगरं मिळून पन्नास लाख माणसं धरते. वीसात एक जण रोज खातो असं धरलं तर अडीच लाख. आता उलट बाजूने बघते. एका गाडीवर दिवसाला अडीचशे जात असतील तर हजार गाड्या लागतील. पण अख्ख्या पुण्यात हजारच गाड्या? आमच्या कात्रजच्या रस्त्यावरच पंधरा आहेत. म्हणजे माझा वीसातला एक चुकलाय." स्वतःचा आकडा तिने स्वतःच खोडला, तिथे आमचा निर्णय झाला.

'राहायला कुठे? रोज कसे येणार?'

पत्ता सांगून थांबू नका, रस्ता सांगा. कोथरूडहून खराडी असेल तर "वनाझहून रामवाडीपर्यंत मेट्रो, पुढे बस किंवा रिक्षा" असं. एकदा ऑफिसच्या वेळेत जाऊन बघितलं असेल तर तेही सांगा. चाकण, रांजणगावला शिफ्ट असेल तर कंपनीची बस कुठून सुटते हे तुम्हीच विचारा. नोकरी लागल्यावर घर बदलायचं ठरवलं असेल तर ते सांगा, नसेल तर उगीच कबूल होऊ नका.

लग्न, मूल यांबद्दल विचारलं तर?

मलाही विचारलं होतं. लग्नाला आठ महिने झाले होते. टेबलामागचा गृहस्थ अगदी वडीलकीच्या सुरात म्हणाला, "मग आता पुढचा प्लॅन काय, बाळाचा?" मी हसले आणि "अजून नाही" म्हणाले. बाहेर पडल्यावर वाटलं, त्याला उत्तर देण्याचं मला काहीच कारण नव्हतं. ती नोकरी मिळाली, तरी तो प्रश्न डोक्यातून गेला नाही.

हा प्रश्न विचारायलाच बंदी करणारा सरसकट कायदा खासगी नोकरीसाठी आपल्याकडे नाही. पण बाई आहे म्हणून भरतीत डावलायला १९७६ च्या समान वेतन कायद्यापासून मनाई आहे. आणि विचारणाऱ्याच्या मनात काय असतं तेही माहीत असू दे: २०१७ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या दोन मुलांसाठी २६ आठवड्यांची भरपगारी प्रसूती रजा आहे. तो तुमच्या संसाराची चौकशी करत नसतो, सव्वीस आठवडे मोजत असतो.

म्हणून उत्तर कामाकडे वळवा. "कामाच्या वेळा आणि जबाबदारी मला मान्य आहे, त्यात अडचण येणार नाही." पुन्हा विचारलं तर शांतपणे, "ते माझं खासगी आहे." यावर चेहरा वाकडा झाला तर ती माहिती तुमच्या उपयोगाची आहे. अर्थात घरभाडं थकलं असताना हे वाक्य तोंडातून निघत नाही, हेही मला कळतं. तेव्हा पहिल्या वाक्यावर भागवा, त्यात कमीपणा नाही.

'गाव कुठलं? आडनावावरून लक्षात येत नाही...' यावर काय?

अर्धवट सोडलेलं ते वाक्य सगळ्यांना कळतं. कधी खरंच गावकरी शोधणारा भाबडा माणूस असतो, कधी नसतो. तालुका, जिल्हा सांगा आणि त्याच दमात पुढे जा: "माढा तालुका, सोलापूर जिल्हा. दहावीपर्यंत तिथेच, मग पॉलिटेक्निकसाठी इकडे आलो." जे विचारायचं राहिलं ते त्याला उघड शब्दांत विचारू दे. बहुतेकांची ती हिंमत होत नाही.

मराठी माध्यमातून शिकलोय. इंग्रजीत अडखळलो तर?

अडखळा, पण वाक्य पूर्ण करा. छोटी वाक्यं. भोसरी, चाकणच्या कारखान्यांत "मराठीत सांगू का?" विचारलं तर बहुधा हो म्हणतात. परदेशी ग्राहकाशी रोज बोलायचं असेल तर नाही म्हणतील आणि ते रास्त आहे. सरावासाठी आपल्या कामाची दहा वाक्यं मोबाइलवर रेकॉर्ड करून ऐका. स्वतःचा आवाज ऐकून लाज वाटते, आठवड्याने कमी होते.

नोकरीसाठी आधी पैसे भरायला सांगितले तर?

भरू नका. रजिस्ट्रेशन, ट्रेनिंग, लॅपटॉपचं डिपॉझिट, नाव काहीही असो.

'आम्हाला काही विचारायचंय?' असं म्हणाले तर?

"नो सर" नको. "या जागेवर आधी कोण होतं आणि ते का गेले?" हा माझा आवडता प्रश्न. उत्तर देताना दोघे पॅनेलवाले एकमेकांकडे बघतात का, ते पाहा. शिवाय पहिल्या तीन महिन्यांत काय अपेक्षा आहे, शनिवार चालू असतो का आणि निकाल कधीपर्यंत कळेल, हे विचारा. सांगितलेल्या तारखेनंतर दोन दिवसांनी एक मेल, आठवड्याने आणखी एक, मग पुढची कंपनी.

बोलता बोलता घसा कोरडा पडला तर?

पाणी मागा. तेवढ्यात विचार करायला दहा सेकंद मिळतात आणि कुणी हरकत घेत नाही. बाटलीचं झाकण मात्र परत लावा. दोन जणांच्या मार्कशिटा मी माझ्या ओढणीने पुसल्यात.